सुईवरचं कुंकू

आमच्या घरात त्या यंत्राला रेकॉर्ड प्लेअर असं कुणी म्हणत नसे. आई म्हणायची 'मामांची पेटी', अण्णा म्हणायचे 'ते मशीन', आणि गोदाआत्या तर काहीच म्हणायची नाही. दिवेलागणीला ती पदराला हात पुसत कोनाड्याकडं निघाली की आम्ही आपापली बडबड बंद करायचो. पेटी निळ्या रेक्झिनची होती. झाकण काढून बाजूला ठेवलं की त्या झाकणातूनच आवाज यायचा. मला हे अजिबात पटायचं नाही. तबकडी इकडं फिरतेय, सुई इकडं टेकलीय, आणि बाई मात्र तिकडं झाकणात बसून गातेय. मी कितीदा तरी झाकणाला कान लावून ती खरंच आत आहे का ते बघितलं असेल. आता वय झाल्यावर सांगायला हरकत नाही, मला ते अजूनही नीटसं कळलेलं नाही. कुणी समजावून सांगायला लागलं की मी मान हलवते आणि चहा टाकायला उठते.

मामा म्हणजे गोदाआत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. माझ्या पुण्याच्या सुनेला हे नातं अजून पचलेलं नाही. मामा मूळचे सास्तूरचे, पण हैदराबादला रेडिओच्या दुकानात कामाला होते आणि तिथून आखातात गेले. एकदा सुट्टीला आले ते ही पेटी आणि थोड्या तबकड्या घेऊन. पुन्हा गेले आणि मग आलेच नाहीत. ना निरोप, ना काही. अण्णा हैदराबादला जाऊन आले. मामांबरोबर गेलेला एकजण तिथं भेटला, तो म्हणाला की ते दुसऱ्या बंदरावर काम बघायला म्हणून निघाले, पुढचं त्याला माहीत नाही. आत्यानं काही वर्षं सासरी वाट बघितली आणि मग एक ट्रंक आणि ही पेटी घेऊन ती आमच्याकडं नळदुर्गला राहायला आली. ट्रंक कॉटखाली गेली, पेटी कोनाड्यात बसली. कोनाड्यातले गणपती आईनं बिनबोभाट भिंतीवरच्या फळीवर नेले.

आमचं घर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. सोलापूरहून हैदराबादला जाणारे ट्रक दिवसभर गेअर बदलत चढ चढायचे आणि फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं हलकीशी वाजायची. आईला त्या आवाजाची इतकी सवय होती की एखाद्या दिवशी ट्रकवाल्यांचा संप असला तर ती म्हणायची, आज कान भरल्यासारखं वाटतंय. अण्णा गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते घरात शिरले की आधी स्पिरिटचा वास यायचा आणि मग अण्णा. संध्याकाळी चुलीवर येसराची आमटी उकळत असायची, तव्यावर भाकरी असायची, आणि आत्या एकच गाणं लावायची. ते गाणं कानडी होतं. घरात कानडी कुणालाच येत नव्हती. येत होती ती फक्त मामांना, कारण त्यांचं आजोळ उमरग्याच्या पलीकडं, सीमेवर. त्यामुळं एक बाई रोज आमच्या घरात येऊन काहीतरी अगदी मनापासून सांगत होती आणि आम्ही सगळे भाकरी मोडत ते ऐकत होतो, पण ती काय सांगतेय ते एकालाही माहीत नव्हतं. आत्यानं कधी कुणाला अर्थ विचारला नाही. मी एकदा म्हटलं, शाळेतल्या कानडी बाईंना विचारू का, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही.

सुई साफ करणं हे मामांचं खास काम होतं आणि सुट्टीला आले तेव्हा मी ते शेजारी बसून बघितलं होतं. आधी ते मशीन बंद करायचे, तबकडी काढून ठेवायचे. मग आईच्या फणेरपेटीतला छोटा आरसा मागून घ्यायचे आणि सुईच्या खाली आडवा ठेवायचे, म्हणजे खालची बाजू वरून दिसते. त्यांच्याकडं एक एवढीशी बाटली होती आणि भुवईइतका छोटा ब्रश. औषधाचा थेंब ब्रशवर घ्यायचा, सुईवर नाही. जास्तीचं झटकून टाकायचं, नाहीतर ओल सुईच्या दांडीतून वर चढते आणि आतलं बिघडतं. आणि मग ब्रश मागून पुढं ओढायचा. नेहमी मागून पुढं. "तबकडी जिकडं जाती तिकडंच," ते म्हणायचे, "उलटं गेलं की मान मोडली तिची." आडवाही फिरवायचा नाही. मग हात मागं घेऊन ती वाळेपर्यंत गप्प बसायचं. मला हे गप्प बसणं समजायचं नाही. एवढीशी सुई, फुंकर मारली की झालं! पण मामा फुंकरही मारू द्यायचे नाहीत, म्हणायचे तोंडातली ओल उडते. परवा माझ्या नातीनं तसलंच यंत्र विकत आणलं, मोठ्या कौतुकानं, जणू काही आजच निघालंय. तिच्याकडंही बाटली आहे, ब्रश आहे. ती ब्रश पुढून मागं नेणार एवढ्यात माझ्याच्यानं राहवलं नाही, मी तिचा हात धरला. ती म्हणाली, आजी, तुला कसं माहीत? मी काय सांगणार, कुठून सुरुवात करणार.

तर तो दसरा. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळी, खुरपं, अण्णांची सायकल, कात्री, आणि अण्णांचा हट्ट म्हणून दवाखान्यातली एक सुईची पेटीसुद्धा पाटावर मांडली जायची. त्या वर्षी आत्या उठली आणि मामांची पेटी आणून त्यांच्या रांगेत ठेवली. आईनं झेंडूची एक माळ जास्तीची केली. सगळ्यांवर हळदकुंकवाची चिमूट पडली, अक्षता पडल्या. पेटीला मात्र आत्यानं स्वतः कुंकू कालवून ओलं बोट लावलं, पुढं आलेल्या त्या सुईच्या दांडीच्या टोकावर, अगदी कपाळाला लावावं तसं. मला ते फार आवडलं होतं. पेटीला कपाळ आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आत्याचे धाकटे दीर रंगनाथराव सास्तूरहून सोनं द्यायला आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. पुरणपोळी खाल्ली, दूध मागून घेतलं, माझ्या हातात आपट्याचं पान दिलं आणि मग हात धुऊन बराच वेळ पंचाला पुसत बसले.

"वैनी," ते म्हणाले, "आई लई थकलीय. तिचं म्हननं, लेकाचं काय ते डोळ्यादेखत व्हावं. मानूस गावत न्हाय तवा दर्भाचं करून क्रियाकर्म करत्यात. भटजीला इचारलंय आमी."

"आन मी?" आत्यानं विचारलं.

"तुमी... आता रीतीनं जे आसंल ते." त्यांना वर बघवेना. "पुनवेला येतो. तवर इचार करा."

मी दाराशी बसून सोन्याची पानं मोजल्यासारखं करत होते. मला एवढंच समजलं की मामांचं गवताचं बाहुलं करणार आणि ते जाळणार. ते जाळल्यावर आत्याचं काय करणार ते मला कळेना. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, जा, शेंगा निवड.

त्या संध्याकाळी आत्यानं गाणं लावलं आणि बाईचा आवाज बसला होता. बसला म्हणजे घशात घास अडकल्यासारखा. शब्द जाड झाले होते, मध्येच खर्रर्र व्हायचं, आणि एका ठिकाणी सुई घसरून पार दुसऱ्या कडव्यात गेली. आत्यानं परत लावलं, परत तेच. तबकडी बदलली तरी तेच. तिनं दांडी उचलून ठेवली आणि त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी चुलीपाशी ती आईला म्हणाली, ते मी ऐकलं, कारण मी तिथंच दात घासत होते.

"वैनी, म्या मनाशी धरलंय. पुनवेपतुर पेटी वाजली तर ते हायत. न्हाय वाजली तर भावजी म्हनत्यात ते खरं."

"वन्सं, मशीनवर आसलं काय धरत्यात का?"

"मग कशावर धरू?"

आईनं चुलीत लाकूड सारलं. त्या दिवसापासून आत्यानं आणखी एक करायला सुरुवात केली, ज्यानं माझा गोंधळ जास्तच वाढला. ती कपाळ सोडून तोंड धुवायला लागली. दसऱ्याचं कुंकू तिनं पुसलंही नाही आणि नवं लावलंही नाही. आई सकाळी करंडा पुढं करायची आणि आत्या म्हणायची, राहू द्या. ते कुंकू आपोआप फिकं होत चाललं होतं.

अण्णांनी एकदा दवाखान्यातून येताना बहिर्गोल भिंग आणलं. पेटी उजेडात ओढली, दांडी वर धरून एक डोळा मिटून बघितलं आणि हसले. त्यांना वाटलं सुटलो. आत्या त्यांना दादा म्हणायची, ते तिला हाक मारून म्हणाले, "गोदे, हिकडं ये. काई झालेलं न्हाय. सुईला कुंकू लागलंय. वाळून खडा झालाय पार." आणि खिशातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला.

मला वाटलं आत्या आनंदानं ओरडेल. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"काय करायलाव दादा?"

"पुसायलोय."

"पुसू नका."

"आगं, पुसल्याबिगर वाजंल कसं?"

"त्यांच्या वस्तूवरचं कुंकू हाय. माज्या हातानं लावलेलं. ते ह्या घरात कुनी पुसायचं न्हाय."

अण्णा हातात ओला कापूस घेऊन तसेच उभे राहिले. कापूस वाळला तरी ते उभेच होते. शिकलेला माणूस, दवाखान्यात रोज दहाजणांना समजावून सांगणारा. पण बहिणीपुढं त्यांनी बाटली परत खिशात टाकली. मला तर हे काही सुटेना. पेटी वाजली तर मामा जिवंत. वाजायची तर कुंकू पुसायला हवं. कुंकू पुसलं तर मामा... मी हे बोटांवर मांडून बघितलं, उलटं मांडून बघितलं, कसंही केलं तरी आत्याच अडकत होती. वर्गात गणित सुटलं नाही तर बाई निदान सांगायच्या की शेजारचीचं बघ. इथं बघायला कुणी शेजारी नव्हतं. मला आत्याचा राग येऊ लागला आणि राग आला म्हणून रडू येऊ लागलं.

पुनव जवळ आली तशी हमरस्त्यावर तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागली. कर्नाटकातून, आंध्रातून माणसं अनवाणी चालत यायची, आई राजा उदो उदो म्हणत, आणि आमच्या दारापुढच्या लिंबाखाली जरा टेकायची. आई त्यांच्यासाठी पाण्याचा रांजण भरून ठेवायची. पुनवेच्या दुपारी, मागं राहिलेली, पाय ओढत चाललेली शेवटची माणसं तेवढी जात होती. एक म्हातारी पाणी पिऊन तोंडावर मारत होती. तिचा मळवट पाण्याबरोबर गालावर उतरला. तिनं तो पदरानं खसाखसा पुसला, कनवटीचं भंडारा-कुंकू काढलं आणि कपाळभर नवा भरला. हे सगळं चालता चालता, माणूस घाम पुसतो तसं. आई तांब्या घेऊन उभी होती. ती आत आली आणि भाकरीचं पीठ चाळणाऱ्या आत्यापुढं बसली.

"वन्सं, एक इचारू? तुळजापूरच्या आईला रोज अंगूळ घालत्यात का न्हाय?"

"घालत्यात की."

"तवा तिचा मळवट ऱ्हातो का जातो?"

आत्याची चाळणी थांबली.

"रोज धुत्यात, रोज भरत्यात," आई म्हणाली. "आजवर कुनी म्हनलंय का, की आईचं कुंकू गेलं?"

आई चौथी शिकलेली. तिनं हे आधी ठरवून आणलं होतं की त्या क्षणी सुचलं, मला माहीत नाही. मी पुढं एकदा विचारलं तर ती म्हणाली, मला काय ठाव, त्या म्हातारीकडं बघून तोंडातून गेलं.

आत्यानं चाळणी खाली ठेवली. मग हात झटकून उठली आणि मला म्हणाली, "मंगे, तुजा रंगाचा बारका बुरुश आन."

मी आणला. मामांचा ब्रश आणि बाटली त्यांच्याबरोबरच गेली होती. आत्यानं माझ्या ब्रशाचे केस कात्रीनं आखूड केले, म्हणजे ते जरा ताठ राहिले. अण्णा जेवायला आलेले होते. त्यांनी स्पिरिट काढलं आणि स्वतःच थबकले. दवाखान्यात स्पिरिटनं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा डिंक सुटतो, ते म्हणाले, हिच्या टोकाचा हिरा कशानं चिकटवलाय कुणास ठाऊक. मग त्यांनी इंजेक्शनात घालायचं पाणी आणलं, काचेच्या कुपीची बारीक मान मोडली, आणि वाटीत पाणी जास्त, स्पिरिट नावाला, असं मिसळलं. कापूस आत्यानं जवळ येऊ दिला नाही. त्याचा तंतू अडकला की सुई उपसून येईल, हे तिनं मामांकडून ऐकलं होतं. मशीनची वायर काढली. आईनं आरसा सुईखाली ठेवला. आत्या वाकली. आता आरशात सुई होती आणि सुईच्या मागं आत्याचं कपाळ, फिकट, जवळजवळ कोरं.

तिनं ब्रश भिजवला, झटकला आणि मागून पुढं ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग ब्रशाच्या टोकाला लाल आलं. आईनं पुसायला फडकं पुढं केलं. आत्यानं ते घेतलं नाही. तिनं तो लाल ब्रश आरशात बघत स्वतःच्या कपाळावर टेकवला.

तिनं ब्रश वाटीत धुतला, झटकला, परत सुईवर मागून पुढं नेला, आणि परत जे लाल आलं ते कपाळावर टेकवलं. असं ती करत राहिली. स्पिरिट चुणचुणत असणार, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. निदान मी तेव्हा तसंच समजले. सुई पांढरी होत गेली आणि कपाळ लाल. अण्णांनी मान वळवून खिडकीबाहेर ट्रक बघायला सुरुवात केली. मी मात्र बघत राहिले आणि मला भीती वाटत होती, कारण मला कळत नव्हतं की हे चांगलं चाललंय की वाईट. मामांचं कुंकू निघत होतं की आत्याचं लागत होतं? एकच ब्रश, एकच हात. आजही मी ते डोळ्यांपुढं आणते तेव्हा माझं उत्तर दर वेळी बदलतं, आणि आता तर मी उत्तर शोधायचंही सोडलंय.

सुई वाळेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसलो. या खेपेला मला गप्प बसणं जड गेलं नाही. दिवेलागणीला रंगनाथराव आले. पाय धुतले, घोंगडीवर बसले. आईनं चहा दिला. त्यांच्या पिशवीत काय होतं ते मला दिसलं नाही, पण ते पिशवी मांडीवरून खाली ठेवत नव्हते. आत्यानं त्यांना नमस्कार केला, कोनाड्याकडं गेली, तबकडी ठेवली आणि दांडी उचलून हलकेच टेकवली.

बाई गायला लागली. स्वच्छ, पूर्वीसारखी, कदाचित पूर्वीपेक्षाही जवळून. मला रडू आलं आणि हसूही आलं. मामा जिवंत आहेत, मी मनात म्हटलं, आत्यानं धरलंच होतं तसं. मी आत्याच्या तोंडाकडं बघितलं, तिथं तो आनंद मला दिसेना. तिथं दुसरंच काहीतरी होतं, शांत, ज्याचं नाव मला येत नव्हतं.

रंगनाथरावांचं लक्ष आधी गाण्याकडं होतं. मग त्यांनी आत्याचं कपाळ बघितलं. एवढं मोठं, ताजं, ओबडधोबड कुंकू त्यांनी तिच्या लग्नातही बघितलं नसेल. त्यांचा चेहरा उजळला, मग गोंधळला.

"वैनी," ते म्हणाले, "निरोप आला का? दादाचा? हायत का ते?"

"न्हाय आला," आत्या म्हणाली. "ते हायत का न्हायत, मला ठाव न्हाय."

"मग हे?" त्यांनी स्वतःच्या कपाळाला बोट लावलं.

"मी हाय की," आत्या म्हणाली. "च्या घ्या भावजी, गार व्हायलाय."